तुलूझचा जॅकोबिन मठ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा मठ कोठे आहे आणि तो कोणाचा होता?

फ्रान्सच्या दक्षिणेला, गारोन नदीच्या काठावर तुलूझ हे शहर वसलेले आहे. या शहराच्या जुन्या भागात डॉमिनिकन या कॅथलिक संघाच्या भिक्षूंनी इ.स. १२३० च्या सुमारास हा मठ बांधायला घेतला आणि पुढची सुमारे शंभर वर्षे ते तो वाढवत राहिले. एक चर्च, एक मनोरा, चारही बाजूंनी पडव्या असलेला चौक, भिक्षूंचे सभागृह, एक लहान प्रार्थनामंदिर आणि एक भव्य भोजनगृह एवढा भाग आज शिल्लक आहे. सर्व बांधकाम मुख्यतः विटांचे आहे. डॉमिनिकन संघाचा जन्मच या शहरात झाला असल्यामुळे त्या संघाच्या इतिहासात या वास्तूला मूळ घराचा मान आहे.

याला ‘भिक्षूंचा मठ’ का म्हणतात? इतर कॅथलिक मठांपेक्षा यात वेगळे काय?

मराठीत आपण सर्वच कॅथलिक संन्याशांच्या निवासांना सरसकट मठ म्हणतो आणि ‘कॉन्व्हेंट’ म्हटले की आपल्याला इंग्रजी माध्यमाची शाळाच आठवते. त्यामुळे हा फरक सांगणे आवश्यक आहे. बेनेडिक्टाइन किंवा सिस्टर्शियन परंपरेतील संन्यासी एकदा मठात प्रवेश केला की आयुष्यभर तेथेच राहत. त्यांचे मठ बहुधा वस्तीपासून दूर असत आणि शेतजमीन, गिरण्या, कुरणे यांच्या उत्पन्नावर चालत. तेराव्या शतकाच्या आरंभी उदयाला आलेल्या फ्रान्सिस्कन आणि डॉमिनिकन संघांनी ही रीत मोडली. त्यांचे भिक्षू शहरात, लोकांच्या गर्दीत राहत, प्रवचने देत गावोगाव फिरत आणि उदरनिर्वाहासाठी भिक्षा मागत. जमीनजुमला बाळगायचा नाही हा त्यांचा नियम होता. माधुकरी मागून शिकणाऱ्या विद्यार्थ्याचे चित्र डोळ्यांसमोर आणले तर त्यांच्या जगण्याची थोडी कल्पना येईल. मात्र येथे तो आयुष्यभराचा आणि संपूर्ण संघाचा नियम होता.

या फरकाचा थेट परिणाम वास्तूवर झाला. ज्यांचे मुख्य काम प्रवचन, त्यांना शेकडो माणसे मावतील आणि वक्त्याचा आवाज सर्वांपर्यंत पोहोचेल असे मोठे, मोकळे दालन लागते. या मठातील बहुतेक वैशिष्ट्यांचा उगम याच साध्या गरजेत शोधावा लागतो.

‘जॅकोबिन’ हे नाव फ्रेंच राज्यक्रांतीतील जॅकोबिनांवरून पडले का?

नाही, उलट घडले. पॅरिसमध्ये डॉमिनिकन भिक्षूंचे पहिले घर संत जाक, म्हणजे लॅटिनमध्ये याकोबुस, यांच्या नावाच्या रस्त्यावर होते. त्यामुळे फ्रान्सभर डॉमिनिकनांना जॅकोबिन म्हणण्याचा प्रघात पडला. पुढे १७८९ नंतर क्रांतिकारकांचा एक राजकीय क्लब पॅरिसमधील याच संघाच्या दुसऱ्या एका मठात भरू लागला आणि त्या जागेचे नाव क्लबला चिकटले. शाळेतील इतिहासाच्या पुस्तकामुळे जॅकोबिन म्हटले की रोबेस्पिअर आणि गिलोटिन आठवतात, पण तुलूझच्या मठाचे नाव त्याहून शेकडो वर्षांनी जुने आहे. गंमत अशी की ज्यांच्या नावाचा क्लब क्रांतीत गाजला, त्या भिक्षूंना क्रांतीनेच घराबाहेर काढले.

संघाची स्थापना तुलूझमध्येच का झाली?

बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रदेशात कॅथार पंथाचा मोठा प्रसार झाला होता. जड सृष्टी ही दुष्ट तत्त्वाची निर्मिती आहे असे मानणाऱ्या या पंथाचे गुरू अत्यंत साधेपणाने राहत, तर त्यांच्याशी वाद घालायला येणारे चर्चचे प्रतिनिधी घोड्यांवरून, लवाजम्यासह येत. स्पेनमधून आलेल्या डॉमिनिक या धर्मगुरूने ही विसंगती ओळखली. पायी हिंडून, गरिबीत राहून आणि उत्तम अभ्यास करून प्रवचन दिले तरच लोक ऐकतील असे त्याचे मत बनले. याच काळात, १२०९ पासून, कॅथारांविरुद्ध धर्मयुद्ध पुकारले गेले आणि ते वीस वर्षे या प्रदेशाला जाळत राहिले.

१२१५ मध्ये पिएर सेलाँ या तुलूझच्या सधन नागरिकाने आपले घर डॉमिनिकच्या स्वाधीन केले आणि तो स्वतःही अनुयायी झाला. बिशप फुल्क यांनी या छोट्या गटाला मान्यता दिली. २२ डिसेंबर १२१६ रोजी पोप तिसरे होनोरियस यांनी संघाला अधिकृत मंजुरी दिली. त्यानंतर वर्षही उलटले नसेल तोच, १२१७ च्या ऑगस्टमध्ये, डॉमिनिकने आपल्या मोजक्या सोबत्यांना पॅरिस, स्पेन आणि इतरत्र पाठवून दिले. आपण ज्या वास्तूविषयी बोलत आहोत ती डॉमिनिकने पाहिलीच नाही. १२२१ मध्ये बोलोन्या येथे त्याचा मृत्यू झाला आणि तोवर तुलूझचे भिक्षू साँ-रोमँ या लहान चर्चमध्येच राहत होते. १२२९ मध्ये युद्ध संपले, त्याच वर्षी झालेल्या तहानुसार शहरात विद्यापीठ स्थापन झाले, आणि वाढत्या संख्येला जागा पुरेना म्हणून भिक्षूंनी नव्या भूखंडावर बांधकाम सुरू केले.

गरिबीचे व्रत घेतलेल्यांनी एवढे उंच चर्च कसे बांधले? त्यांच्या नियमात हे बसत होते का?

हा प्रश्न तेराव्या शतकातही विचारला जात होता आणि त्याचे प्रामाणिक उत्तर ‘बसत नव्हते’ असे आहे. संघाच्या सुरुवातीच्या घटनेत भिक्षूंची घरे साधी आणि नम्र असावीत असे स्पष्ट म्हटले होते. एकमजली घराची भिंत बारा फुटांपेक्षा उंच नसावी, वर मजला असल्यास वीस फुटांपेक्षा आणि चर्चची तीस फुटांपेक्षा उंच नसावी. कॉयर, म्हणजे भिक्षूंच्या प्रार्थनागायनाची वेदीजवळची जागा, आणि पूजासाहित्याची खोली एवढे वगळता कमानदार दगडी छत घालू नये, असेही बंधन होते. १२३० मध्ये सुरू झालेले पहिले चर्च या चौकटीत बऱ्यापैकी बसणारे होते. ते विटांचे, आयताकृती, लाकडी छपराचे आणि सपाट टोकाचे होते.

आज त्याच जागेवर उभे असलेले चर्च आतून सुमारे २८ मीटर उंच आहे, म्हणजे नियमातील मर्यादेच्या जवळपास तिप्पट, आणि कमानदार छत त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आहे. हा बदल एका दिवसात झाला नाही. भिक्षूंची संख्या वाढली, प्रवचनांना येणारी गर्दी वाढली, विद्यापीठाच्या सभा येथे भरू लागल्या, चर्चमध्ये आपले दफन व्हावे म्हणून श्रीमंत घराणी देणग्या देऊ लागली आणि संघातील काही जण बिशप व कार्डिनल (पोपच्या खालोखालचे धर्माधिकारी) झाले. व्यक्तिगत गरिबी कायम ठेवून संस्था श्रीमंत होण्याचा हा प्रवास कोणत्याही एका माणसाच्या ढोंगामुळे झाला असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. प्रत्येक पिढीने फक्त आपल्यापुरती एक पायरी चढली, आणि त्या पायऱ्या भिंतींत आजही दिसतात.

बांधकामाचे टप्पे कोणते?

मुख्य टप्पे चार आहेत. पहिले चर्च १२३० ते १२३५ या काळातले. त्यानंतर १२४५ ते १२५२ च्या दरम्यान पूर्वेकडे ते लांबवण्यात आले आणि तेथे बहुकोनी टोक आले. तिसऱ्या टप्प्यात, १२७५ ते १२९२ मध्ये, या पूर्वेकडील भागावर आजचे अत्यंत उंच छत चढवले गेले. यामुळे विचित्र परिस्थिती निर्माण झाली. पूर्वेचा भाग गगनाला भिडलेला आणि पश्चिमेचा जुना भाग त्याच्या पायाशी बसलेला, असे हे चर्च सुमारे तीस वर्षे उभे होते. शेवटी १३२५ ते १३३५ च्या दरम्यान जुना भागही त्याच उंचीला नेण्यात आला. या कामाचा खर्च प्रामुख्याने गिओम पेर गोदँ या डॉमिनिकन कार्डिनलने उचलला. म्हणजे भिक्षा मागणाऱ्यांच्या घराचा शेवटचा हात त्यांच्याच संघातून वर गेलेल्या एका धनवान माणसाने फिरवला. चर्चचा औपचारिक अभिषेक मात्र १३८५ मध्ये झाला.

चर्चच्या बरोबर मध्यातून खांबांची रांग का जाते?

नेहमीच्या गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन युरोपातील उंच व टोकदार कमानींच्या शैलीतील, चर्चमध्ये मधले रुंद दालन आणि त्याच्या दोन्ही बाजूंना अरुंद दालने असतात. दारातून आत गेल्यावर नजर सरळ वेदीकडे जाते. येथे आत पाऊल टाकले की समोर खांब येतो. एकाच रांगेतील सात उंच खांबांनी चर्चचे दोन दालनांत विभाजन केले आहे. चर्च सुमारे ८० मीटर लांब आणि २० मीटर रुंद आहे.

यामागे व्यवहार आहे. पहिल्या चर्चपासूनच एक दालन भिक्षूंचे आणि दुसरे सामान्य लोकांचे होते. भिक्षूंना दिवसरात्र ठरलेल्या वेळी प्रार्थना म्हणायच्या असत, तर लोक प्रवचनासाठी येत. दोघांची कामे एकमेकांना अडथळा न होता चालावीत, ही अपेक्षा होती. पॅरिसच्या डॉमिनिकनांचे चर्चही दोन दालनांचे होते, त्यामुळे ही रचना तुलूझच्या एखाद्या गवंड्याची लहर नव्हती. पुढे छत उंच करतानाही जुनी आखणी सोडली गेली नाही. खांबांची रांग तशीच राहिली, फक्त खांब आकाशाकडे वाढले. प्रवचन देणाऱ्यांची एक साधी सोय शंभर वर्षांनी युरोपातील एका विलक्षण दृश्याचे कारण ठरली.

‘ताडाचे झाड’ म्हणून प्रसिद्ध असलेला खांब कोणता? तो असा का आहे?

एका रांगेतील खांब आणि अर्धवर्तुळाकडे झुकणारे बहुकोनी टोक यांची सांगड घालणे हे गवंड्यांपुढचे खरे कोडे होते. नेहमीच्या चर्चमध्ये टोकाकडील छताच्या फासळ्या, म्हणजे छत पेलणाऱ्या कमानदार पट्ट्या, मधल्या मोकळ्या जागेवर एकत्र येतात. येथे तर त्या टोकाच्या केंद्रस्थानीच रांगेतला शेवटचा खांब उभा होता. तो काढता येत नव्हता आणि लपवताही येत नव्हता.

त्यांनी त्यालाच छताचे केंद्र केले. सुमारे २२ मीटर उंचीच्या या गोल दगडी खांबाच्या माथ्यावरून २२ फासळ्या सर्व दिशांना फुटतात आणि टोकाच्या भिंतींपर्यंत व शेजारच्या खांबाच्या छतापर्यंत पोहोचतात. फासळ्या रंगवलेल्या असल्यामुळे त्यांची गती नजरेला सहज जाणवते. खालून पाहिले तर ताडाच्या झावळ्या पसरल्यासारखे दिसते, म्हणून फ्रेंचमध्ये त्याला ‘पाल्मिए’ म्हणतात. छताचा भार फासळ्यांतून एका बाजूला या सडपातळ खांबावर आणि दुसऱ्या बाजूला भिंतीबाहेरच्या भक्कम टेकूंवर उतरतो. खांबावर सर्व बाजूंनी येणारे रेटे बरेचसे एकमेकांना तोलतात, म्हणूनच तो इतका बारीक असूनही उभा राहू शकतो.

माझ्या मते या वास्तूतील सर्वांत बुद्धिमान भाग हाच आहे, आणि तो अडचणीतून जन्मला आहे हे लक्षात ठेवून पाहिला तर अधिक आवडतो. हा भाग १२९२ पर्यंत पूर्ण झाला होता. पंख्यासारख्या पसरणाऱ्या छतांसाठी प्रसिद्ध असलेली इंग्लंडमधील अनेक बांधकामे त्यानंतरची आहेत. विसाव्या शतकात चित्रकार साल्वादोर दाली यांनीही आपल्या एका भव्य चित्रात या छताचा उपयोग केला.

सगळे बांधकाम विटांचे का?

तुलूझच्या आसपास चांगला दगड मिळत नाही, पण गारोनच्या खोऱ्यात चिकणमाती मुबलक आहे. येथील वीट आपल्या विटेपेक्षा मोठी आणि चपटी असते. तिच्या रंगामुळे संपूर्ण शहरालाच ‘गुलाबी शहर’ म्हणतात. दगड दुरून आणावा लागे, म्हणून तो खांबांसारख्या मोजक्या ठिकाणीच वापरला गेला. विटेत नाजूक कोरीवकाम करणे अवघड असल्याने बाहेरच्या भिंती सपाट आणि कठोर दिसतात. टेकूंना वरच्या बाजूला जोडणाऱ्या उंच कमानी हाच त्यांचा मुख्य अलंकार. आत मात्र भिंतींवर दगडी बांधकामाचा भास देणारे रंगकाम आहे. विटेला दगडाचे सोंग द्यायचा हा मोह आजच्या बिल्डरांनाही आवरत नाही.

मनोऱ्याविषयी काय सांगता येईल?

तो अष्टकोनी असून सुमारे ४५ मीटर उंच आहे आणि १२९८ मध्ये पूर्ण झाला. खिडक्यांवर गोल कमानींऐवजी त्रिकोणी माथे आहेत, कारण सरळ विटांनी ते बांधणे सोपे जाते. शहरातल्याच साँ-सेर्नँ या प्रसिद्ध चर्चच्या मनोऱ्याशी त्याचे नाते उघड दिसते.

चर्चखेरीज मठात पाहण्यासारखे काय आहे?

चर्चच्या उत्तरेला मधला चौक आहे. चौसोपी वाड्याची रचना ज्यांनी पाहिली आहे त्यांना तो ओळखीचा वाटेल. मध्ये मोकळी जागा आणि चारही बाजूंना पडव्या. विटांच्या कमानी संगमरवराच्या जोडखांबांवर उभ्या आहेत आणि खांबांच्या माथ्यांवर पाने, फुले, प्राणी कोरलेले आहेत. चौदाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हा चौक बांधला गेला. एकोणिसाव्या शतकात त्याच्या दोन बाजू पाडल्या गेल्या आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या पुन्हा उभारण्यात आल्या.

पूर्वेच्या पडवीत १३०० च्या सुमाराचे सभागृह उघडते. येथे भिक्षू रोज जमत, नियमाचा एक भाग वाचला जाई, चुका कबूल केल्या जात आणि मठाचे निर्णय होत. दोनच अतिशय बारीक खांबांनी संपूर्ण छत पेलले आहे. चर्चच्या भव्यतेनंतर या दालनातील हलकेपणा सुखद वाटतो.

त्याला लागून संत आन्तोनँ यांचे प्रार्थनामंदिर आहे. दोमिनिक ग्रिमा या भिक्षूने, जो पुढे पामिए येथील बिशप झाला, ते १३३५ ते १३४१ या काळात बांधवून घेतले. छतावर वाद्ये वाजवणारे देवदूत आणि बायबलच्या शेवटच्या ग्रंथातील दृश्ये चितारली आहेत. भिक्षूंची हाडे ठेवण्याची जागा या मंदिराच्या खाली होती. त्यामुळे छतावरचे अंतिम न्यायाच्या दिवसाचे विषय केवळ शोभेसाठी निवडले नव्हते, हे समजते. भोजनगृहात सध्या प्रदर्शने भरतात.

या मठाचा इन्क्विझिशनशी, म्हणजे चर्चच्या पाखंड-चौकशीशी, संबंध होता का?

होता, आणि तो झाकण्याचे कारण नाही. १२३३ मध्ये पोप नववे ग्रेगरी यांनी पाखंडाच्या चौकशीचे काम या प्रदेशात डॉमिनिकनांकडे सोपवले. ज्या पिएर सेलाँने आपले घर दिले होते तोच गिओम आर्नो याच्याबरोबर पहिल्या चौकशी अधिकाऱ्यांत होता. मृतांची प्रेते थडग्यांतून काढून जाळण्यापर्यंत ही चौकशी गेली. त्यामुळे शहरात इतका संताप उसळला की नोव्हेंबर १२३५ मध्ये नगरप्रमुखांनी सर्व भिक्षूंना शहराबाहेर काढले. काहींनी चालायला नकार दिल्यामुळे त्यांना उचलून न्यावे लागले. नव्या घराचे बांधकाम सुरू होऊन जेमतेम पाच वर्षे झाली होती. पुढच्या वर्षी ते परतले. गिओम आर्नो आणि त्याचे सोबती १२४२ मध्ये आव्हिन्योने या गावी कॅथार समर्थकांच्या हातून मारले गेले.

१३०७ पासून दीड दशकाहून अधिक काळ बर्नार गी हा तुलूझचा चौकशी अधिकारी होता. चौकशी कशी करावी याची त्याने लिहिलेली पुस्तिका प्रसिद्ध आहे. मात्र डॉमिनिकन मठांच्या इतिहासाची काटेकोर नोंदही त्यानेच ठेवली. ज्या माणसाने शेकडो लोकांना शिक्षा सुनावल्या, त्याच्याच टिपणांवर या मठाचा इतिहास लिहिणाऱ्यांना विसंबावे लागते.

संत थॉमस अक्विनास येथे राहत होते का? त्यांचे अवशेष येथे कसे आले?

डॉमिनिकन संघातील हे थोर विद्वान येथे कधी राहिले नाहीत आणि त्यांनी येथे शिकवलेही नाही. त्यांचे अध्यापन पॅरिस आणि इटलीत झाले. ७ मार्च १२७४ रोजी रोमच्या दक्षिणेकडील फोसानोव्हा येथील सिस्टर्शियन मठात त्यांचे निधन झाले आणि त्या मठाने देह आपल्याकडेच ठेवला. १३२३ मध्ये थॉमस यांना संतपद मिळाल्यावर त्यांच्या देहाचे महत्त्व आणखी वाढले. डॉमिनिकन संघाची मागणी जुनीच होती. अखेर १३६८ मध्ये पोप पाचवे अर्बन यांनी अवशेष संघाला देऊन तुलूझची निवड केली. संघाच्या जन्मस्थानाला संघाच्या सर्वांत मोठ्या विद्वानाची समाधी मिळाली. २८ जानेवारी १३६९ रोजी अवशेष येथे पोहोचले. कॅथलिक पंचांगात संत थॉमस यांचा सण आज त्याच तारखेला येतो.

क्रांतीनंतर मठाचे काय झाले?

धार्मिक संघ बरखास्त झाल्यावर भिक्षूंना मठ सोडावा लागला आणि अवशेष साँ-सेर्नँ चर्चमध्ये हलवण्यात आले. नेपोलियनच्या काळात वास्तू सैन्याकडे गेली आणि तोफखान्याची छावणी झाली. चर्चच्या उंचीत मजले घालण्यात आले, खाली घोड्यांचे तबेले, वर सैनिकांच्या राहण्याच्या जागा. ज्या छतासाठी भिक्षूंनी आपला नियम वाकवला, त्याच्याखाली आता पेंढा आणि खोगिरे होती. ऐतिहासिक वास्तूंचे निरीक्षक प्रोस्पेर मेरिमे यांनी या दुर्दशेविरुद्ध आवाज उठवला. १८६५ मध्ये वास्तू शहराच्या ताब्यात परत आली. पहिल्या महायुद्धात लूव्र संग्रहालयातील चित्रे सुरक्षिततेसाठी येथे ठेवली होती आणि त्यांत ‘मोनालिसा’ही होती. विसाव्या शतकात अनेक दशके जीर्णोद्धार चालला. खिडक्यांना नव्या रंगीत काचा बसल्या, दक्षिणेकडे उष्ण रंगांच्या आणि उत्तरेकडे शीत रंगांच्या. २२ ऑक्टोबर १९७४ रोजी, संत थॉमस यांच्या मृत्यूला ७०० वर्षे झाल्याच्या निमित्ताने, अवशेष मूळ जागी परतले.

महाराष्ट्राशी या संघाचा काही संबंध आहे का?

आहे, आणि तो पोर्तुगीजांच्याही आधीचा आहे. दक्षिण फ्रान्समधील सेव्हराक या गावाशी ज्याचे नाव जोडले जाते तो जोर्दानुस हा डॉमिनिकन भिक्षू १३२१ मध्ये कोकण किनाऱ्यावर होता. त्याच्याबरोबर आलेल्या चार फ्रान्सिस्कनांची त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये ठाण्यात हत्या झाली आणि त्याने त्यांचे दफन सोपारा येथे केले. पुढे १३२९ मध्ये पोप बावीसावे जॉन यांनी त्याला केरळमधील कोल्लमचा बिशप नेमले. अक्विनास यांना संतपद देणारे पोप हेच. तुलूझच्या चर्चचा जुना भाग उंच होत होता त्याच सुमाराच्या या घटना आहेत. पोर्तुगीज काळात डॉमिनिकन पुन्हा आले. त्यांच्या चर्चचे आणि मठाचे अवशेष वसईच्या किल्ल्यात आजही पाहता येतात.

भेट देताना काय लक्षात ठेवावे?

वास्तू शहराच्या व्यवस्थापनाखाली आहे. सप्टेंबरमध्ये चौकात पियानोच्या मैफली होतात, तेव्हा गर्दी असते. पश्चिमेच्या भिंतीवरील दोन गोल खिडक्यांत चौदाव्या शतकातील मूळ काचा उरल्या आहेत, त्या आवर्जून पाहाव्यात. दुपारनंतरच्या उन्हात खिडक्यांचे रंग खांबांवर आणि फरशीवर उतरतात. ताडाच्या खांबाजवळ एक मोठा आरसा आडवा ठेवलेला असतो. मान दुखेपर्यंत वर पाहण्याऐवजी त्यात वाकून पाहिले तर सर्व २२ फासळ्या निवांत मोजता येतात.